जसं सांगितलं तसं

आपल्या मंडळाच्या अंकात अभ्यासलेख म्हटला की कादंबरी असते, कवितासंग्रह असतो, फार तर एखादं नाटक. मी या वेळी कायद्यातला एक वाक्यांश घेतलाय. लैंगिक अपराधांपासून बालकांचं संरक्षण करणारा २०१२चा कायदा, ज्याला आपण सगळे पॉक्सो म्हणतो, त्याचं सव्विसावं कलम सांगतं की पोलीस अधिकाऱ्यानं किंवा मॅजिस्ट्रेटनं मुलाचा जबाब मूल जसं बोलेल तसा नोंदवायचा, आणि त्या वेळी आईवडील किंवा मुलाचा ज्याच्यावर विश्वास आहे असं कुणीतरी शेजारी हवं. मूल जसं बोलेल तसा. माझा लेख या चार-पाच शब्दांपुरताच आहे.

पाठचिकित्सेचा पेपर ज्यांनी दिलाय ते इथं जरा थबकतील. पोथीची नक्कल करणारा लेखनिक मुद्दाम खोटं लिहीत नाही. एखादा शब्द त्याला कळत नाही, तिथं तो ओळखीचा घालतो. एखादी ओवी अडते, ती तो ‘नीट’ करतो. असं होत होत ज्ञानेश्वरीत इतके पाठभेद शिरले की एकनाथांना शके १५०६ मध्ये ती शुद्ध करायला बसावं लागलं. मुलाच्या तोंडून निघालेल्या वाक्याला शतकं लागत नाहीत. ते एका दुपारीत पाच जणांच्या हातून जातं, आणि पडताळून बघायला जुनी पोथी कुठंच नसते.

हा विषय माझ्यापर्यंत आला तो एका ट्रेनिंगमुळं. रविवारी मी चर्चमध्ये लहान मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते, म्हणून मला एक दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं होतं. पॉक्सोच्या २०२०च्या नियमांत असं आहे की ज्या संस्थेचा मुलांशी नेहमीचा संबंध येतो, म्हणजे शाळा, पाळणाघर, खेळाची अकादमी वगैरे, तिनं आपल्या प्रत्येक माणसाची पोलीस पडताळणी करून घ्यायची आणि ठरावीक काळानं त्यांना बालसुरक्षेचं प्रशिक्षण द्यायचं. शिकवणारे असोत की शिपाई, कायम असोत की कंत्राटी. त्यामुळं त्या खोलीत दोन प्राथमिक शिक्षिका होत्या, एका वसतिगृहाच्या मेट्रन होत्या, फुटबॉलचे कोच होते, फिजिओथेरपिस्ट होती, वृद्धाश्रमातल्या एक नर्सबाई होत्या आणि स्कूलव्हॅन चालवणारे एक काकाही होते. सकाळभर पडद्यावर कलमं सरकत राहिली. ती कुणाच्या लक्षात राहिली असतील असं मला वाटत नाही. जेवणानंतर मात्र ट्रेनरबाईंनी एक खेळ घेतला, आणि सगळा दिवस तिथं वसूल झाला.

आमच्यातल्या पाच जणांना त्यांनी बाहेर उभं केलं. पहिल्याच्या कानात सात वर्षांच्या मुलीचं एक वाक्य सांगितलं: ‘दादा मला मागं बसवतो. मला नको असतं.’ पहिल्यानं ते वर्गशिक्षिका म्हणून ऐकायचं आणि दुसऱ्याला, म्हणजे मुख्याध्यापकांना, सांगायचं. त्यांनी ते टिपून समुपदेशकाला द्यायचं, तिनं फोनवरून संस्थेच्या सचिवांना कळवायचं, आणि सचिवांनी शेवटच्याला अहवालाची एक ओळ सांगायची. वीस मिनिटांत फळ्यावर आलेली ओळ अशी होती: ‘मुलीचे भावाशी पटत नाही. पालकांना समज दिली.’

त्या मुलीला भाऊच नव्हता. दादा म्हणजे व्हॅनमध्ये मुलांना चढवणारा पोऱ्या. ‘मागं’ म्हणजे मागच्या सीटवर, आणि हा शब्द दुसऱ्या माणसापाशीच गळला होता. पाचांतला एकही जण खोटं बोलला नव्हता, आळस केला नव्हता. प्रत्येकानं आपल्या परीनं वाक्य जरा सुटसुटीत केलं होतं. व्हॅनवाले काका हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे मलापण काका म्हणतात, ते कुठला काका कसं कळणार?’

त्या दिवसातला हा सगळ्यात शहाणा प्रश्न होता. मराठीत परक्या माणसाला नातं लावल्याशिवाय हाक मारताच येत नाही. रिक्षावाले काका, दुकानातले मामा, ट्यूशनचा दादा, शेजारची ताई. आपल्याला त्यात गोडवा वाटतो, आणि आहेच. पण मूल म्हणतं, ‘काकांनी हात लावला,’ आणि ऐकणारा चुलत्याचं नाव डोक्यात धरून चालायला लागतो. चुकीच्या घरावर आळ येतो, खरा माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडीत असतो. म्हणून कागदावर आधी ‘काका’ एवढंच लिहायचं. कोण काका, हे नंतर, ज्याचं ते काम आहे त्यानं विचारायचं.

आमच्या गोव्यात याला आणखी एक पदर आहे. आमचं घर मूळचं बेळगावकडचं, त्यामुळं मी मराठीत वाढले आणि कोकणी इथं आल्यावर शिकले. कोकणी मूल म्हणतं, ‘म्हाका वायट दिसलें.’ मराठी कानाला वाटतं, याला काहीतरी वाईट दिसलं, म्हणजे यानं काहीतरी पाहिलं. प्रत्यक्षात ते सांगत असतं की मला वाईट वाटलं. तसंच ‘भंय दिसता’ म्हणजे भीती वाटते. दोन्ही भाषांना देवनागरी चालते, शब्द सख्ख्या बहिणींसारखे, आणि नेमका त्यामुळंच घोटाळा होतो. कानडी किंवा बंगाली बोलणाऱ्या मुलासाठी दुभाषा बोलवायचं निदान सुचतं तरी. कायद्यात दुभाष्याची सोय आहे. मुलाला न कळणाऱ्या भाषेत तक्रार लिहिली जात असेल तर एकोणिसाव्या कलमाप्रमाणं दुभाषा द्यावा लागतो, कोर्टातल्या साक्षीसाठी अडतिसावं कलम आहे. पण दुभाषा लागतोय हे ओळखायलाही भाषा यावी लागते.

मुलं काय बोलतात यासारखंच, आपण काय पाहतो तेही आपण आपल्या शब्दांत बसवून टाकतो. इंग्लंडातलं व्हिक्टोरिया क्लिंबीचं प्रकरण या क्षेत्रात सगळीकडं शिकवतात. आयव्हरी कोस्टमधली ही मुलगी. चांगलं शिक्षण मिळेल म्हणून नात्यातल्या एका बाईबरोबर आईवडिलांनी तिला पाठवलं, आणि ती बाई व तिचा साथीदार यांनी लंडनमध्ये तिचे इतके हाल केले की २५ फेब्रुवारी २००० रोजी, आठव्या वर्षी, ती गेली. अंगावर १२८ जखमा आणि व्रण होते. त्याआधी ती हॉस्पिटलांत, समाजसेवा कार्यालयांत, पोलिसांत सगळीकडं पोचलेली होती. लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशी अहवालात, २००३ मध्ये, तिला वाचवता आलं असतं असे डझनभर प्रसंग मोजले आहेत. त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. ती मुलगी त्या बाईसमोर सैनिकासारखी ताठ उभी राहायची. समाजसेविकेनं ते पाहिलं होतं, आणि अशा घरांत मोठ्यांचा मान ठेवायची हीच रीत असेल, असं धरून चालली होती.

आपल्याकडं तिच्या प्रगतिपुस्तकात काय लिहिलं असतं? ‘शांत, आज्ञाधारक, गुणी मुलगी.’ ट्रेनरबाईंचा नियम होता की नोंदीत विशेषण दिसलं की खोडायचं. ‘घाबरलेली वाटली’ असं लिहायचं नाही. ‘वडील दारात आले तेव्हा बोलता बोलता थांबली आणि ओढणीचं टोक तोंडात घातलं’ असं लिहायचं. तारीख, वेळ, शेजारी कोण होतं. वाङ्मय शिकणाऱ्यांना हे सोपं जावं असं वाटेल, पण मला तर उलटाच अनुभव आला. आम्हाला विशेषणांची फार सवय.

आता ‘नको ते’ शब्द. मराठीत या विषयावर बोलायला शब्द नाहीत असं म्हणतात, ते मला पटत नाही. शब्द भरपूर आहेत, पण ते घडलेलं सांगण्याऐवजी झाकायला बनवलेले आहेत. ‘अतिप्रसंग’ या शब्दात कोण, कुणावर, काय, यातलं काहीच नाही. नुसता प्रसंग आहे, जरा जास्त झालेला. ‘गैरवर्तन’ कॉपी करण्यालाही म्हणतात. ‘विनयभंग’ म्हटलं की मोडला तो तिचा विनय. ‘अब्रू गेली’ म्हटलं तर गेली तीही तिचीच, करणाऱ्याची नाही. घरातली मोठी माणसं ‘वाच्यता नको’ म्हणतात, आणि वर झाकली मूठ सव्वा लाखाची आहेच. सात वर्षांच्या मुलाला यातला एकही शब्द येत नसतो. त्याच्याकडं ‘शूची जागा’ असते, घरी शिकवलेलं एखादं लाडकं नाव असतं, ‘गंमत’ असते, ‘खेळ’ असतो. ऐकणाऱ्याला ते उच्चारायची लाज वाटते, म्हणून तो कागदावर ‘अश्लील चाळे’ लिहितो. कोर्टात दोन वर्षांनी मुलाला विचारतात, तू अश्लील चाळे झाले असं सांगितलं होतंस का? मूल खरंखरं सांगतं, नाही.

म्हणून मुलानं ‘फुलपाखरू’ म्हटलं असेल तर अवतरणात फुलपाखरूच लिहायचं. अर्थ कंसातही घालायचा नाही.

लिहून झालं, की पुढं काय? इथं कायदा अगदी स्पष्ट आहे. एकोणिसाव्या कलमाप्रमाणं, असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळलं किंवा होईल अशी ज्याला धास्ती वाटते, अशा कुणालाही ते विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवावंच लागतं. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. पोलिसांनी पुढं चोवीस तासांत बाल कल्याण समितीला आणि विशेष न्यायालयाला कळवायचं. चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर काही बालंट येत नाही, हेही त्याच कलमात आहे. आमच्या खोलीतल्या शिक्षिकांना हे शेवटचं माहीत नव्हतं. ‘आधी खात्री करून घेऊ, मग बघू,’ असं त्या म्हणत होत्या. खात्री करणं म्हणजे तपास, आणि तपास आपला नव्हे. आपण खात्री करायला जातो तेव्हा सहसा ज्याच्यावर संशय आहे त्यालाच जाऊन विचारतो.

कळवण्याची ही साखळी कुठं तुटते याचं एक उदाहरण महाराष्ट्रातलंच आहे, चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याचं. तिथल्या एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण उघडकीस आलं. त्या मुलींवर उपचार करायला नेमलेल्या डॉक्टरांना ते कळलेलं असूनही त्यांनी पोलिसांना कळवलं नाही, असा आरोप ठेवला गेला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं डॉक्टरांवरचा खटला सुरुवातीलाच रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयानं २ नोव्हेंबर २०२२ रोजी तो निर्णय फिरवला आणि सांगितलं की वेळेवर व नीट कळवणं याला या कायद्यात अतोनात महत्त्व आहे. डॉक्टर दोषी की नाही हा खटल्याचा प्रश्न. माझं लक्ष गेलं ते साखळीकडं. आजारी मुलगी खरं सांगते ती बहुतेक वेळा डॉक्टरला, कारण अंग तिथं दाखवावंच लागतं.

सक्तीला किंमतही आहे, हे लपवून चालणार नाही. सोळा-सतरा वर्षांची मुलगी स्वतःच्या मर्जीच्या संबंधातून गरोदर राहिली तरी डॉक्टरला कळवणं भाग, म्हणून ती दवाखान्यातच जायला घाबरते. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२२ मध्ये यातून थोडी वाट काढली: गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीनं आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरनं पोलिसांना कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. मला ही वाट पुरेशी वाटत नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

‘व्यावसायिक’ कोणाला म्हणायचं, याचं उत्तर आमच्या गोव्याच्या कायद्यानं २००३ मध्येच फार मोकळेपणानं दिलंय. १९९१ मध्ये मडगावात फ्रेडी पीट्स नावाचा माणूस पकडला गेला. अनाथ मुलांचं वसतिगृह चालवणारा धर्मादायी माणूस म्हणून त्याचा बोलबाला होता, आणि त्याच मुलांना तो परदेशी पर्यटकांच्या हवाली करत होता. १९९६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. त्याच्याकडं मुलांच्या फोटोंचा ढीग सापडला होता. २००३चा गोवा बाल कायदा वाचताना हे आठवतं, कारण त्यात फोटो धुऊन देणाऱ्या स्टुडिओवाल्यालाही जबाबदार धरलंय: मुलांचे अश्लील फोटो धुवायला आले तर त्यानं पोलिसांना कळवायचं. हॉटेलवाल्यानं, कुटुंबाबरोबर किंवा नातेवाइकांबरोबर नोंद असल्याशिवाय, मुलाला खोलीत जाऊ द्यायचं नाही. विमानतळ, रेल्वे पोलीस, वाहतूक पोलीस, सगळ्यांवर नजर ठेवण्याचं काम आहे. आता फोटो कुणी धुवायला टाकत नाही, पण कल्पना मला आवडते. ज्याच्या हातून पुरावा जातो तो प्रत्येक जण या कामातला माणूस.

मग अशा माणसानं मुलाशी बोलायचं कसं? यात एक धडा अमेरिकेतला आहे. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण १९८३ला सुरू झालं. शेकडो मुलांच्या मुलाखती घेतल्या. विचारणारी माणसं सद्‌हेतूची होती, पण ती सुचवत होती: बाकीच्या मुलांनी आम्हाला सांगितलंय, तू तर हुशार आहेस, तुलाही आठवेल. मुलं जे सांगू लागली त्यात अशक्य गोष्टी मिसळल्या, आणि १९९० पर्यंत खटला चालून एकालाही शिक्षा झाली नाही. त्या बालवाडीत खरोखर काही घडलं होतं की नाही, हे त्यानंतर कळायची सोयच उरली नाही. पढवलेला प्रश्न निर्दोष माणसाला अडकवतो, आणि खऱ्या गुन्हेगाराच्या वकिलालाही तोच उपयोगी पडतो.

त्यानंतर मुलाखतीच्या पद्धती बसवल्या गेल्या. एनआयसीएचडी प्रोटोकॉल हा त्यातला सगळ्यात जास्त तपासलेला. त्यात मुलाला आधी भलत्याच, साध्या गोष्टीबद्दल बोलतं करतात, वाढदिवस म्हणा, सहल म्हणा, म्हणजे सविस्तर सांगायची त्याला सवय होते. ‘माहीत नाही’ म्हटलं तरी चालतं, हे आधीच सांगतात. मग मुख्य गोष्टीला उघडे प्रश्न: काय झालं ते सगळं सांग, आणि मग काय झालं? आपल्या आज्या गोष्ट सांगताना ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असा दंडक असायचा. ‘हं.’ ‘मग?’ त्या हुंकारात सुचवणं काही नसतं, पण सांगणाऱ्याला कळतं की ऐकणारा जागा आहे. मराठीतला सगळ्यात चांगला उघडा प्रश्न ‘मग?’ हाच आहे, दोन अक्षरी.

आणि सगळ्यात वाईट ‘का?’. मराठीत ‘का’ विचारलं की ते कारण राहत नाही, जाब होतो. का गेलास? का बसलीस? आधी का नाही सांगितलंस? इंग्लिशमधल्या ‘व्हाय’पेक्षा आपला ‘का’ जास्त दटावतो असं माझं मत. ट्रेनिंगच्या कागदावर भाषांतरित वाक्यं होती, त्यांतही असेच खडे होते. ‘माझा तुझ्यावर विश्वास आहे’ हे इंग्लिशमधून आलेलं वाक्य. मराठी मुलाला ते परीक्षेच्या आधी म्हणतात, किंवा तू आता असं करणार नाहीस ना, या अर्थानं म्हणतात. ‘तू सांगतोस ते मला खरं वाटतंय’ हे मुलाला हवं असतं. ‘हे ऐकून मला फार वाईट वाटलं’ हेही नको. मुलाला वाटतं, माझ्यामुळं टीचर रडणार. मी सुचवलेली आणि बाईंनी लिहून घेतलेली वाक्यं साधी आहेत: ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ ‘यात तुझी चूक नाही.’ ‘कुणालाच सांगणार नाही असं मला म्हणता येणार नाही. पण मदत करणाऱ्यांनाच सांगेन, आणि सांगायच्या आधी तुला सांगेन.’ गुप्ततेचं वचन द्यायचं नाही, हे सगळ्यांना अवघड गेलं. मूल म्हणतं, शप्पथ घ्या, आणि आपण घेऊन बसतो.

शिक्षकानं किंवा नर्सनं पूर्ण मुलाखत घ्यायचीच नाही, हे विसरता कामा नये. दोन-तीन हुंकार, बस्स. तेवढं ऐकायचं, लगेच लिहायचं, कळवायचं. तपासातले प्रश्न तपास करणाऱ्यांचे. कोर्टात तर वकिलालाही मुलाला थेट प्रश्न विचारता येत नाहीत, ते न्यायाधीशांमार्फत जातात.

दुपारी चहानंतर वृद्धाश्रमातल्या नर्सबाईंनी विचारलं, ‘मुलांचं झालं. आमच्या म्हाताऱ्यांचं काय?’ त्यांच्याकडं एक आजी महिन्यातून एकदा घरी जाऊन यायच्या आणि दर वेळी दंडावर निळं घेऊन यायच्या. विचारलं की ‘पडले’ म्हणायच्या. नोंदवहीत ‘पडल्या’ असंच होतं. जसं सांगितलं तसं, नाही का? इथं माझा लाडका नियम अडखळतो. मूल शब्द नसल्यानं अडतं. आजीकडं शब्द असतो, पण करणारा मुलगा आहे आणि त्याचं नाव खराब होईल, म्हणून ती तो गिळते. तेव्हा नोंद दोन ओळींची हवी: आजी म्हणाल्या ‘पडले’, दोन्ही दंडांवर समोरासमोर बोटांएवढे निळे डाग. अर्थ लावायचा नाही, पण दुसरी ओळ गाळायचीही नाही. आणि मुलगा किंवा सून खोलीत नसताना पुन्हा विचारायचं.

कायद्याची भाषाही इथं मऊ होते. पॉक्सोत कळवलंच पाहिजे. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात, सातव्या कलमात, अपंग व्यक्तीवर अत्याचार होतोय असं वाटलं तर कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकेल, असं आहे. ‘शकेल.’ ज्येष्ठांसाठी २००७चा निर्वाहाचा कायदा आहे. त्यात टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद आहे, दिलेली मालमत्ता काही अटींवर परत मिळवता येते, पण शेजाऱ्यानं कळवलंच पाहिजे अशी सक्ती नाही. यात थोडं शहाणपणही आहे, कारण सत्तर वर्षांची बाई म्हणजे मूल नव्हे. तिनं ‘मला तक्रार करायची नाही’ म्हटलं तर ते ऐकावं लागतं. पण तिला १४५६७ हा ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा नंबर माहीत आहे का, बँकेचं पासबुक कुणाकडं असतं, अंगठा कुणी घेतला, हे विचारायला कुणाची हरकत नसावी. मुलांचा नंबर १०९८ बऱ्याच जणांना पाठ असतो, हा मात्र आमच्या खोलीत एकीलाच ठाऊक होता.

कोण असुरक्षित, याची व्याख्या कॅथलिक चर्चच्या नियमांत पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये केली. आजार, शारीरिक किंवा मानसिक उणीव, किंवा स्वातंत्र्य हिरावलेलं असणं यामुळं ज्याला, कधीमधी का होईना, समजणं, ठरवणं किंवा विरोध करणं जमत नाही, असा माणूस. मला त्यातलं ‘कधीमधी का होईना’ फार पटतं. ऑपरेशननंतरच्या दोन दिवसांत आपल्यातला कुणीही तिथं असतो.

विश्वास ठेवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा २०२१चा एक निकाल आहे, आंध्रातला, पाटन जमाल वली याच्या अपिलावरचा. पीडित मुलगी जन्मांध होती, अनुसूचित जातीची होती, आणि तिनं आरोपीला आवाजावरून ओळखलं. न्यायालयानं म्हटलं की अपंगत्वामुळं तिची साक्ष कमी दर्जाची ठरत नाही. शिवाय न्यायाधीशांना आणि पोलिसांना याचं प्रशिक्षण द्यावं, प्रशिक्षित विशेष शिक्षक नेमावेत असंही सांगितलं. दिसण्यावरून ओळख पटवणं हीच काय ती ओळख, असं धरून चालणाऱ्या यंत्रणेला हे शिकावं लागतं.

पण प्रशिक्षण म्हणजे काय? आमच्याकडं दिवसाअखेर बॅनरसमोर फोटो, समोसा, प्रमाणपत्र. पॉक्सोचं त्रेचाळिसावं कलम पोलीस आणि संबंधितांना वेळोवेळी प्रशिक्षण द्या म्हणतं, तो ‘वेळोवेळी’ उगाच नाही. मुलाखतकारांवर झालेल्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय की वर्गातल्या व्याख्यानानं माणसाचं ज्ञान वाढतं, प्रश्न विचारायची पद्धत बदलत नाही. केलेल्या मुलाखती ऐकून कुणी सतत चुका दाखवल्या तर ती बदलते, आणि दाखवणं थांबलं की परत बिघडते. गाणं शिकण्यासारखंच आहे ते. म्हणून माझं म्हणणं, कलमं छापील द्या, घरी वाचू दे. दिवस खर्च करा तो मोठ्यानं बोलण्याच्या सरावावर. ‘गुप्त ठेवणार नाही’ हे वाक्य आरशासमोर दहा वेळा म्हटल्याशिवाय ऐन वेळी तोंडातून निघत नाही.

मंडळाला यात करण्यासारखं एक काम आहे, आणि ते इतर कुणी करणार नाही. आपल्या भागातली मुलं नात्यांना, शरीराच्या अवयवांना, भीतीला, नकोसेपणाला कोणते शब्द वापरतात, याची यादी मी आणि दोन मैत्रिणींनी सुरू केलीय. पेडण्याचे शब्द वेगळे, काणकोणचे वेगळे. खानापूरकडून आलेल्या मुलांच्या मराठीत कानडी मिसळलेली. ‘दादा’ची नोंद अर्ध्या पानावर गेलीय. ट्रेनरबाईंनी ही यादी पुढच्या गटाला वापरू म्हणून मागितलीय. ज्यांना भर घालायची आहे त्यांनी शब्द, गाव आणि तो साधारण कितव्या वर्षीचं मूल बोलतं, एवढंच लिहून मंडळाच्या पेटीत टाकावं. मुलाचं नाव, शाळा, आईवडील, यातलं काही लिहू नका. आणि शब्द गोळा करताना कुणी तुम्हाला काही सांगू लागलं, तर वही बाजूला ठेवा.